चिंधी कोणाची, लेबल कोणाचे?

८ फेब्रुवारी २०२३ रोजी पंतप्रधान संसदेत आकाशी निळ्या रंगाचे जॅकेट घालून आले. वापरून फेकलेल्या प्लास्टिक बाटल्यांपासून तयार केलेल्या कापडाचे ते जॅकेट होते. दोनच दिवस आधी बंगळुरूच्या इंडिया एनर्जी वीकमध्ये इंडियन ऑइलने ते त्यांना भेट दिले होते. याच कंपनीने पेट्रोल पंपावरच्या कर्मचाऱ्यांसाठी अशाच कापडाचे गणवेश आणले आणि एका गणवेशात सुमारे २८ बाटल्या जिरतात असे सांगितले. त्या दिवशी सगळ्या वाहिन्यांनी बाटल्यांचा हिशेब मांडला. या देशात बाटल्या गोळा कोण करते, हा प्रश्न मात्र चर्चेत आला नाही.

तेव्हापासून ही भाषा आपल्यापर्यंतही पोहोचली आहे. मॉलमधल्या टी-शर्टवर हिरव्या पानाचे चित्र आणि 'रिसायकल्ड' असा शब्द दिसतो. महाविद्यालयातली आपली मुले-मुली विचारतात की असे कापड घ्यावे का, त्याने खरोखर पर्यावरण वाचते का. काही जयंती मंडळांनीही यंदा 'इको-फ्रेंडली टी-शर्ट'ची चौकशी केल्याचे ऐकले. प्रश्न चांगला आहे. त्याचे उत्तर केवळ पर्यावरणाच्या अंगाने दिले तर ते अर्धेच राहते, कारण जुने कापड आणि कचरा या दोन्ही गोष्टींचा आपल्या समाजाशी असलेला संबंध आजचा नाही.

आधी कापडाचे पाहू. 'रिसायकल केलेले कापड' या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू विकल्या जातात. पहिली जुन्या कापडापासून किंवा कारखान्यातल्या कतरणीपासून बनते. चिंध्या फाडून, पिंजून त्यांचे पुन्हा तंतू करायचे, त्या तंतूंचे सूत काढायचे आणि सुताचे कापड विणायचे. दुसरी वस्तू बाटलीपासून बनते. पाण्याची किंवा शीतपेयाची बाटली ज्या पेट प्लास्टिकची असते ते आणि पॉलिस्टर हे रसायन म्हणून एकच आहेत. म्हणून बाटल्यांची झाकणे आणि लेबले काढून, रंगाप्रमाणे वेगळ्या करून, धुऊन त्यांचा चुरा करतात. हा चुरा वितळवून त्याचा धागा ओढला की पॉलिस्टर तयार होते.

बाजारात जे दिसते ते बहुतेक दुसऱ्या प्रकारचे असते. टेक्स्टाइल एक्स्चेंज ही संस्था दरवर्षी जगातल्या तंतूंचा हिशेब प्रसिद्ध करते. तिच्या आकडेवारीनुसार २०२३ मध्ये जगात सुमारे १२.४ कोटी टन तंतू तयार झाले आणि त्यातले ५७ टक्के पॉलिस्टर होते. त्या पॉलिस्टरपैकी साधारण आठवा हिस्सा रिसायकल केलेला होता, आणि या रिसायकल पॉलिस्टरपैकी जवळजवळ ९८ टक्के बाटल्यांपासून आलेला. जुन्या कापडापासून पुन्हा कापड होण्याचे प्रमाण जगातल्या एकूण तंतूंच्या एक टक्काही नाही. म्हणजे कपड्यांचा कचरा कपडे रिसायकल करून कमी होतो आहे, ही आपली समजूत चुकीची ठरते. कपड्यांचा ढीग जिथल्या तिथे आहे. दुकानात आलेला माल हा बाटल्यांच्या ढिगातला आहे.

यात काही वाईट आहे का? नव्या पेट्रोलियमपासून पॉलिस्टर करण्यापेक्षा बाटलीपासून करायला ऊर्जा कमी लागते आणि तेवढे कच्चे तेल वाचते, हे खरे आहे. पण बाटलीपासून पुन्हा बाटली होऊ शकते, आणि ती बाटली पुन्हा वेचली जाऊन पुन्हा बाटली होऊ शकते. तिचा एकदा टी-शर्ट झाला की हे चक्र तुटते. तो टी-शर्ट फाटला, त्यात कापूस किंवा ताणणारा इलॅस्टेनचा धागा मिसळलेला असला, तर त्याचे पुढे काही करणे फार अवघड होते. तो कचरा डेपोतच जातो. शिवाय पॉलिस्टर नवे असो की रिसायकल केलेले, दर धुण्यात त्याचे बारीक तंतू पाण्यात सुटतात, ते गटारातून नदीत आणि नदीतून समुद्रात जातात. लेबलावर हे लिहिलेले नसते.

आता सरकारी नियमांमुळे या बाटलीवर दुसराही दावेदार उभा राहिला आहे. प्लास्टिक कचरा व्यवस्थापन नियमांत २०२२ साली झालेल्या दुरुस्तीप्रमाणे कडक प्लास्टिकच्या वेष्टनात, म्हणजे बाटल्या-डब्यांमध्ये, २०२५-२६ पासून किमान ३० टक्के रिसायकल केलेले प्लास्टिक वापरणे उत्पादकांवर बंधनकारक झाले आणि हे प्रमाण २०२८-२९ पर्यंत ६० टक्क्यांवर जाणार आहे. शीतपेयाच्या कंपन्यांना तोच माल हवा आहे जो सूतगिरण्यांना हवा आहे. पेट बाटलीला मागणी वाढली की तिचा भाव वाढायला हवा. तो वेचणाऱ्याच्या हातापर्यंत किती पोहोचतो, हे पाहिल्याशिवाय या सगळ्या धोरणाला न्याय्य म्हणता येणार नाही.

आमच्या कामाच्या वस्तीत कचरा वेचणाऱ्या बाया पेट बाटलीला 'बिसलेरी'च म्हणतात, ती कोणत्याही कंपनीची असो. पहाटे निघायचे, दुपारपर्यंत वेचायचे, मग झोपडीसमोर बसून गोणी रिकामी करायची. बिसलेरी वेगळी, दुधाच्या पिशव्या वेगळ्या, कडक प्लास्टिक वेगळे, झाकणांची पिशवी वेगळी. कारखान्यात 'ग्रेडिंग' या नावाने जे काम पुढे मोजले जाते, त्यातला पहिला आणि सर्वांत घाण टप्पा इथे पार पडलेला असतो. तोही हातमोज्यांशिवाय. काच लागणे, सुई टोचणे, कुत्रे चावणे यांना या कामात अपघात म्हणत नाहीत. भंगारवाला वजन करतो, ओलावा आहे म्हणून त्यातून काही कापून घेतो, आधी दिलेल्या उचलीचे पैसे वळते करतो आणि उरलेले हातावर ठेवतो. त्याच्यापासून मोठ्या ठेकेदाराकडे, तिथून चुरा करणाऱ्याकडे, पुढे धागा, कापड, शिलाई, ब्रँड. प्रत्येक पायरीवर मालाची किंमत वाढते आणि नोंद होते. पहिल्या पायरीवर नोंदच नाही.

आणि ही पहिली पायरी कोणाच्या वाट्याला आली आहे हे सांगायला सर्वेक्षण लागत नाही. महाराष्ट्रातल्या कोणत्याही शहरात कचरा वेचणाऱ्या बायांची आडनावे विचारा. १९७२ च्या दुष्काळानंतर मराठवाड्यातून, सोलापूर-नगरकडून उठून आलेली भूमिहीन दलित कुटुंबे हे काम करत आली आहेत. त्यात बौद्ध आहेत, मातंग आहेत, भटक्या-विमुक्त जमातींतली माणसे आहेत. शहरात जात सुटते असे म्हणणाऱ्यांनी एकदा कचऱ्याच्या गाडीमागे चालून पाहावे. केंद्र सरकारने गटार आणि सेप्टिक टँक साफ करणाऱ्यांसाठी असलेल्या नमस्ते योजनेत २०२४ साली कचरावेचकांचाही समावेश केला, म्हणजे त्यांची गणना व्हावी, ओळखपत्र, आरोग्य विमा आणि सुरक्षा साधने मिळावीत, हे तत्त्वतः मान्य झाले. वस्त्यांमध्ये मात्र अनेक बायांना अशी काही योजना आहे हेच माहीत नाही. कार्यकर्त्यांनी हातात घ्यावे असे हे काम आहे. फॉर्म भरून देण्याचे, कंटाळवाणे, फोटो न निघणारे काम.

वेगळेही घडू शकते, याचा पुरावा आपल्याच राज्यात आहे. पुण्यात १९९३ साली डॉ. बाबा आढाव यांच्या पुढाकाराने कचरावेचकांची परिषद झाली आणि कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. त्यातूनच पुढे 'स्वच्छ' ही कचरावेचकांच्या मालकीची सहकारी संस्था आली आणि २००८ पासून तिने महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करायला सुरुवात केली. तिचे तीन हजारांहून अधिक सभासद आहेत, बहुसंख्य बाया. त्यांना घरांकडून सेवाशुल्क मिळते आणि वेचलेल्या भंगारावर त्यांचाच हक्क राहतो. हा करार टिकवण्यासाठी त्यांना पुन्हा पुन्हा रस्त्यावर उतरावे लागले आहे, कारण यंत्रे आणि गाड्या घेऊन येणाऱ्या ठेकेदाराला तोच कचरा हवा असतो. कचऱ्याला किंमत आली की वेचणाऱ्याला बाजूला सारण्याची घाई होते. पर्यावरणाच्या नावाखाली हे जास्त सहज होते, म्हणून जास्त सावध राहायला हवे. बंगळुरूमध्ये 'हसिरु दला' ही कचरावेचकांची संघटना आहे. २०१९ पासून द बॉडी शॉप या सौंदर्यप्रसाधनांच्या कंपनीने आपल्या बाटल्यांसाठी बंगळुरूच्या कचरावेचकांनी गोळा केलेले प्लास्टिक घ्यायला सुरुवात केली, तीत तिचाही सहभाग होता. माल कोणाच्या हातून आला हे शोधता येते आणि त्याला ठरलेला भावही देता येतो, एवढे या उदाहरणावरून नक्की कळते. कापड कंपन्यांना हे जमत नाही असे म्हणणे पटत नाही.

हे झाले बाटलीचे. जुन्या कापडाचा विषय आपल्यासाठी आणखी नाजूक आहे.

हल्ली 'थ्रिफ्टिंग' नावाचा प्रकार रूढ झाला आहे. दुसऱ्याने वापरलेले कपडे इन्स्टाग्रामवरून विकत घ्यायचे, ते घालून फोटो टाकायचे आणि त्याबद्दल कौतुक मिळवायचे. आपल्या वस्तीतली एखादी मुलगी असा शर्ट घरी घेऊन आली तर तिची आजी काय म्हणेल? बहुतेक घरांत आजीचा चेहरा उतरतो. 'कोणाचे उतरलेले घालू नको,' हे वाक्य आपल्यापैकी अनेकांनी ऐकलेले आहे. तरुण मुलांना तो मागासलेपणा वाटतो. तो मागासलेपणा नाही, ती आठवण आहे.

मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी प्रेताच्या अंगावरची वस्त्रे वापरावीत असे सांगितले आहे. हे केवळ ग्रंथात राहिले नाही. गावगाड्यात प्रेतावरचे कापड महाराच्या वाट्याला येई आणि त्याला 'हक्क' म्हणत. पाटलाच्या घरचे फाटके लुगडे, सणाला मिळालेला जुना सदरा, कामाच्या बदल्यात पैसे न देता टाकलेले कपडे. कोणी काय घालायचे, कोणत्या कापडाचे, किती लांब, काठ असलेले की नसलेले, हे जात ठरवत होती. म्हणून २५ डिसेंबर १९२७ ला महाडला मनुस्मृती जाळली गेली, त्याच परिषदेत बाबासाहेबांनी स्त्रियांना जात दाखवणारी नेसण्याची पद्धत आणि तसले दागिने टाकून द्यायला सांगितले. ही कपड्यांची आवडनिवड नव्हती. आणि १९५६ च्या दीक्षेला लाखो लोक पांढरे स्वच्छ कपडे घालून नागपुरात आले, तेव्हा त्या पांढऱ्या रंगाचा अर्थ प्रत्येकाला समजत होता. निळा कोट घातलेले बाबासाहेबांचे पुतळे गावोगाव उभे आहेत, त्यातही तोच अर्थ आहे.

म्हणून ज्यांनी पिढ्यानपिढ्या दुसऱ्याची लक्तरे घातली त्यांच्या नातवंडांना कोणी 'नवे कपडे कमी घ्या, जुने वापरा' असे उपदेश करू लागला, तर त्याला आधी विचारले पाहिजे की तुमच्या कपाटात किती आहेत. या देशात कपड्यांचा कचरा करणारा वर्ग आणि तो कचरा अंगावर घालणारा किंवा निवडणारा वर्ग वेगळा आहे. जयंतीला किंवा लग्नाला घेतलेला नवा ड्रेस हा पृथ्वीवरचा भार आहे असे मी म्हणणार नाही.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण आपल्याच परंपरेत चिंधीचा दुसरा अर्थही आहे. विनयपिटकात भिक्खूंच्या 'पांसुकूल' चीवराचे नियम आहेत. उकिरड्यावर, स्मशानात, रस्त्यावर पडलेल्या चिंध्या गोळा करून, धुऊन, रंगवून, जोडून केलेले वस्त्र. महाकस्सपांची ओळखच या चीवराशी जोडलेली आहे. तरीही ते सक्तीचे नव्हते. जीवक वैद्याने विनंती केल्यावर भगवंतांनी गृहस्थांनी दिलेली चीवरेही घेण्याची मुभा दिली आणि ज्याला पांसुकूल हवे त्याने ते वापरावे असे ठेवले. चुल्लवग्गात कोसंबीच्या उदेन राजाचा प्रसंग आहे. अंतःपुरातल्या स्त्रियांनी आनंदांना पाचशे चीवरे दिली, तेव्हा राजाला शंका आली की एवढ्या कापडाचे हे करणार काय, दुकान मांडणार का. आनंदांनी सांगितले, ज्यांची चीवरे जीर्ण झाली आहेत त्यांना वाटू. मग जुन्यांचे काय? त्यांची पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांची गादीची खोळ, जुन्या खोळींचे अंथरूण, जुन्या अंथरुणाची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची फडकी, आणि फडकीही झिजली की ती कुटून चिखलात कालवून जमीन लिंपू. राजा समाधानी झाला आणि त्याने आणखी पाचशे चीवरे दिली.

आज 'सर्क्युलर इकॉनॉमी' या नावाखाली परिषदांमध्ये जे चित्र दाखवतात ते इतके स्पष्ट क्वचितच असते. आणि क्रमही पाहण्यासारखा आहे. कापड फाडून परत कापड करणे हे आनंदांच्या यादीत नाहीच. आहे ते शक्य तितके दिवस वापरणे, मग त्याचे काम बदलणे. आपल्या घरातली वाकळ, गोधडी याच क्रमाने तयार झाली. तीच गोधडी आता 'अपसायकल्ड क्विल्ट' म्हणून महानगरातल्या दुकानांत काही हजारांना विकली जाते, हे पाहून हसावे की चिडावे कळत नाही.

पांसुकूल आणि प्रेतवस्त्र या दोन्हींत कापड एकच आहे. एकात माणूस निवड करतो आणि दुसऱ्यात समाज त्याच्यावर लादतो. रिसायकल कापडाबद्दलच्या चर्चेत हा फरक कोणी बोलत नाही, आणि तो आपण बोललो नाही तर दुसरे कोणी बोलणारही नाही.

चिंध्यांचे काम आज कोण करते? भांडी देऊन जुने कपडे घेणारी बोहारीण आपल्या सगळ्यांना आठवते. बहुतेकदा वाघरी, म्हणजे देवीपूजक समाजातली बाई. डोक्यावर स्टीलच्या भांड्यांची पाटी, खांद्यावर कपड्यांचे गाठोडे, आणि दारात घासाघीस. दिल्लीत रघुबीर नगरला याच समाजाचा पहाटेचा बाजार भरतो, जिथून हे कपडे दुरुस्त होऊन देशभर जातात. कोणत्याही मोठ्या कंपनीच्या 'टेक-बॅक' पेटीने जितके कपडे पुन्हा वापरात आणले नसतील तितके या बायांनी आणले आहेत. ऑनलाइन खरेदी आणि स्वस्त भांडी आल्यावर त्यांचा धंदा बसत चालला आहे, आणि पर्यावरणाच्या कोणत्याही धोरणात त्यांचे नाव नाही.

पुढचा मोठा टप्पा हरियाणातल्या पानिपतला आहे. युद्धांसाठी आपल्याला माहीत असलेल्या या शहराला जगातले 'उतरलेल्या कपड्यांचे शहर' म्हणतात. युरोप-अमेरिकेतले जुने स्वेटर, कोट कांडला बंदरात येतात. ते पुन्हा विकले जाऊ नयेत म्हणून कापून टाकलेल्या अवस्थेत आणण्याचा नियम आहे. पानिपतमध्ये बाया विळीसारख्या पात्यावर बटणे, चेन, लेबले काढतात, रंगाप्रमाणे ढीग लावतात, मग यंत्रात ते पिंजले जाऊन त्यांचे 'शॉडी' सूत होते. लाल ढिगाचे लाल सूत, निळ्याचे निळे. त्यामुळे पुन्हा रंगवण्याची गरजच राहत नाही, आणि कापड उद्योगातले सर्वांत जास्त पाणी नासवणारे काम टळते. शॉडीची ही पद्धत १८१३ साली इंग्लंडमध्ये यॉर्कशरच्या बॅटली गावात सुरू झाली. आज तिथले कारखाने इतिहासजमा आहेत आणि ते काम आपल्याकडे आले आहे, धुळीसकट. पिंजणीच्या धुळीत दिवसभर उभे राहणाऱ्याच्या फुप्फुसांचे काय होते, हे मुंबईच्या गिरणगावात राहिलेल्या कोणालाही विचारा. २०१२ साली मेघना गुप्ता यांनी या कामगार बायांवर 'अनरॅव्हल' हा लघुपट केला. एवढे चांगले कपडे लोक टाकून का देतात याचे नवल त्या बाया आपसात करतात, ते ऐकण्यासारखे आहे.

पानिपतच्या शॉडी ब्लँकेटांना मोठे गिऱ्हाईक होते ते आपत्तीत मदत वाटणाऱ्या संस्थांचे. भूकंप, पूर, निर्वासितांची छावणी, सगळीकडे ही जाड, उग्र वासाची घोंगडी जात. गेल्या काही वर्षांत त्या जागी हलकी, मऊ, नव्या पॉलिस्टरची फ्लीस ब्लँकेटे आली. ती स्वस्त आहेत आणि दिसायला छान आहेत. म्हणजे जगाने रिसायकलिंगचा गजर सुरू केला त्याच काळात खऱ्या अर्थाने रिसायकल झालेले कापड बाजारातून हटत गेले. नवे पॉलिस्टर इतके स्वस्त आहे की जुन्या कापडाला त्याच्याशी भावात टक्कर देता येत नाही, हे या सगळ्या प्रश्नाचे मूळ आहे. श्रीमंत देशांतही हेच घडले. स्वीडनची रिन्यूसेल कंपनी जुन्या सुती कपड्यांचा लगदा करून नवा तंतू देत होती, मोठमोठे ब्रँड तिच्यासोबत फोटो काढत होते, आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये तिने दिवाळखोरी जाहीर केली. कौतुक भरपूर झाले, मालाची मागणी पुरेशी आली नाही.

भारतातली परिस्थिती पूर्ण निराशेची नाही. फॅशन फॉर गुड या संस्थेच्या २०२२ च्या अहवालानुसार देशात दरवर्षी सुमारे ७८ लाख टन कापडाचा कचरा साठतो, जगातल्या अशा कचऱ्याच्या साडेआठ टक्के. त्यातला ५९ टक्के या ना त्या मार्गाने पुन्हा कापड उद्योगात येतो. यामागे कोणतीही मोठी सरकारी योजना नाही. बोहारणी, भंगारवाले, चिंध्यांचे व्यापारी आणि पानिपत-तिरुपूरसारख्या ठिकाणचे लाखो हात आहेत. याच अहवालात आणखी एक उपयोगी आकडा आहे. एकूण कचऱ्यातला ४२ टक्के हा कारखान्यातलाच, कोणी न वापरलेला. कपडा बेतताना कापडाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भाग कतरण म्हणून खाली पडतो. ही कतरण स्वच्छ असते, तिच्यात काय मिसळले आहे हे माहीत असते. तिरुपूरच्या होजियरीतली सुती कतरण कोइमतूर भागातल्या गिरण्यांमध्ये पुन्हा सूत होऊन येते. तिचे तंतू तुटून आखूड झालेले असतात म्हणून त्यात थोडा नवा कापूस किंवा पॉलिस्टर मिसळावे लागते. असे सुती रिसायकल कापड मिळत असेल तर माझ्या मते ते बाटलीच्या पॉलिस्टरपेक्षा निःसंशय चांगले. घाम शोषते, आपल्या उन्हाळ्यात अंगावर सहन होते, आणि शेवटी त्याची फडकी होऊ शकते. पॉलिस्टरने फरशी पुसून पाहा.

लेबल पाहायचे तर नाव लक्षात ठेवावे. 'ग्लोबल रिसायकल्ड स्टँडर्ड', म्हणजे जीआरएस, हे चिन्ह कपड्यावर लावायला किमान ५० टक्के रिसायकल माल लागतो आणि कारखान्यातल्या कामगारांच्या स्थितीबद्दलही काही अटी आहेत. 'रिसायकल्ड क्लेम स्टँडर्ड'ला पाच टक्केही पुरतात आणि कामगारांबद्दल त्यात काही नाही. दोन्ही चिन्हे सारखीच हिरवी आणि गंभीर दिसतात. आणि जीआरएसच्या अटी कारखान्यापासून लागू होतात; झोपडीसमोर गोणी रिकामी करणारी बाई त्या तपासणीत क्वचितच येते. नुसते पान, पृथ्वी किंवा 'इको' असे छापलेले असेल तर ते चित्र समजून सोडून द्यावे.

आता आपल्या मंडळांबद्दल. १४ एप्रिल, बुद्धपौर्णिमा, अशोक विजयादशमी, ६ डिसेंबर या चार दिवसांना आपल्या समाजात जेवढे कापड छापले जाते त्याचा अंदाज चैत्यभूमीवर किंवा दीक्षाभूमीवर गेलेल्या कोणालाही आहे. निळे टी-शर्ट, उपरणी, झेंडे, टोप्या, बॅनर. बहुतेक सगळे पॉलिस्टर. कार्यक्रम संपल्यावर त्यातले काही पायाखाली असते, त्यावर अशोकचक्र आणि बाबासाहेबांचा चेहरा असतो, आणि दुसऱ्या दिवशी ते गोळा करायला महापालिकेचा जो कामगार येतो तो बहुतेकदा आपलाच असतो. याला शिस्तीचा प्रश्न म्हणून टाळता येत नाही. स्वस्त कापड स्वस्त आहे म्हणून फेकले जाते.

यासाठी मोठी क्रांती लागत नाही. टी-शर्टवर '१३५ वी जयंती' किंवा साल छापू नये, म्हणजे पुढच्या वर्षी तोच चालतो. ज्यांच्याकडे मागच्या वर्षीचा आहे त्यांना नवा देऊ नये आणि तो पैसा अभ्यासिकेला द्यावा. झेंडे आणि उपरणी सुती घ्यावीत, वस्तीतल्या शिवणकाम करणाऱ्या बचत गटाकडून शिवून घ्यावीत, आणि विहारात धुऊन घडी करून ठेवावीत. बॅनर फ्लेक्सऐवजी कापडी आणि रंगवलेला, तारीख बदलता येईल असा. सुती कापड महाग पडते, हे मान्य. संख्या निम्मी केली की हिशेब जुळतो. डीजेचा खर्च कमी केला तर उरतोही; पण तो वाद वेगळा.

आणि जिथे रिसायकल कापडच घ्यायचे ठरले असेल, तिथे पुरवठादाराला काही गोष्टी विचाराव्यात. कापड बाटलीचे की कतरणीचे? सुती किती टक्के? जीआरएसचे प्रमाणपत्र असेल तर त्याची प्रत पाठवा, आमच्या ऑर्डरच्या मालाचे. बाटल्या किंवा चिंध्या कोणत्या शहरातून, कोणाकडून घेता, तिथे कचरावेचकांची संघटना आहे का, असली तर तिच्याकडून माल घेता का? बहुतेक पुरवठादारांकडे शेवटच्या प्रश्नाचे उत्तर नसेल. तरीही विचारावे. शंभर मंडळांनी एकाच वर्षी हा प्रश्न विचारला तर पुढच्या वर्षी कोणीतरी उत्तर तयार ठेवील. एप्रिलच्या टी-शर्टच्या ऑर्डरी फेब्रुवारीच्या शेवटी जातात, त्याआधी एका बैठकीत हे ठरू शकते. त्याच बैठकीला वस्तीतल्या कचरा वेचणाऱ्या दोन-तीन बायांना बोलवावे, आणि नमस्ते योजनेचे फॉर्म हाताशी ठेवावेत.